रात्रीतून दुधाळ झालेल्या चार बाटल्या: द्रवस्फटिकाच्या साच्यात पॉलिमर घडवण्याचे एक प्रकरण

संक्रांतीचा आठवडा होता. सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरलेली, होम मैदानाकडचे रस्ते बंद आणि कॉलेजात निम्मे वर्ग रिकामे. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातला माझा एक विद्यार्थी मात्र साडेआठलाच प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. हातात फिरकीच्या झाकणाच्या चार छोट्या बाटल्या. आदल्या संध्याकाळी ओव्हनमध्ये ठेवल्या तेव्हा त्या काचेसारख्या नितळ होत्या. आता चारही दुधासारख्या पांढऱ्या.

"मॅडम, फेज झालीच नाही," तो म्हणाला. वहीतही त्याने तेच लिहिले होते, तारीख-वेळेसह.

ते वाक्य चूक होते. फेज, म्हणजे मिश्रणातल्या रेणूंची सुबक मांडणी, झाली होती, आणि रात्रीत मोडली होती. या दोन गोष्टींत किती अंतर आहे आणि ते ओळखायचे कसे, हे कळायला आम्हाला पाच आठवडे लागले. या विषयात हात घालणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा कधी ना कधी लागतो, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे.

काय करायचे होते

पाणी लवकर आणि भरपूर शोषणारे जेल बनवायचे होते. पदार्थ नेहमीचाच, पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड. आमचा जिल्हा अवर्षणाचा, डाळिंबाचा. मातीत मिसळायच्या जलशोषक जेलबद्दल इथे प्रत्येक शेतकऱ्याने ऐकलेले असते. पण साधे जेल घडते ते अस्ताव्यस्त. साखळ्या वाट्टेल तशा वाढतात, कुठे दाट गाठी, कुठे मोकळे पट्टे. पाण्याला आत शिरायला ठरलेली वाट नसते. जेलच्या अंगातच सुबक नळ्यांचे जाळे ठेवता आले तर पाणी आत कसे जाईल, हा त्याच्या प्रकल्पाचा प्रश्न होता.

नळ्या हव्या होत्या तीन-चार नॅनोमीटरच्या. एवढ्या बारीक सुईने कोणी भोके पाडू शकत नाही. त्यासाठी साचाच असा घ्यावा लागतो जो स्वतःहून उभा राहतो, आणि द्रवस्फटिक नेमके तेच करतो.

द्रवस्फटिक म्हटले की लोकांना टीव्हीचा पडदा आठवतो. तो तापमानावर चालणारा प्रकार. १८८८ साली प्रागमधल्या फ्रीडरिख राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएटमध्ये तो पहिल्यांदा दिसला: १४५.५ अंशांना पदार्थ वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना स्वच्छ. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. आपल्याला लागतो तो दुसरा प्रकार, पाण्यावर चालणारा. तो घरोघरी असतो. साबणदाणीत पाणी साचून वडीखाली जो बुळबुळीत, ना पातळ ना घट्ट असा थर येतो, त्यात पाणी आणि साबण यांची हीच रचना असते.

साबणासारख्या रेणूला पाणी आवडणारे डोके असते आणि पाण्याला भिणारी शेपटी. पाण्यात हे रेणू थोडे असतील तर गोल पुंजके करतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. प्रमाण वाढवत नेले की पुंजके लांब होतात, त्यांच्या काठ्या बनतात, आणि मग त्या काठ्या एकमेकींना समांतर, षट्कोनी मांडणीत रचून बसतात. पेन्सिलींचा गठ्ठा टोकाकडून पाहिला तर जशी नक्षी दिसते तशीच. अजून दाट केले की सपाट थर होतात. काठी व्हायची की थर, हे डोक्याची रुंदी, शेपटीची लांबी आणि शेपटीचा फुगवटा यांच्या हिशोबावर ठरते. तो हिशोब इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी १९७६ मध्ये मांडला आणि आजही तोच वापरतात.

काठ्यांच्या मधल्या पाण्यात मोनोमर, म्हणजे पॉलिमरच्या साखळीचे सुटे मणी, विरघळवायचा, त्याचा पॉलिमर करायचा आणि मग काठ्या धुऊन काढायच्या. काठ्या होत्या तिथे नळ्या राहतात.

कागदावर हे इतके सोपे दिसते की पहिल्या आठवड्यात मलाही वाटले, तीन महिन्यांचा प्रकल्प दोन महिन्यांत आटपेल.

सिलिकाला जमले ते पॉलिमरला का जड जाते

ही कल्पना आधी सिलिकावर सिद्ध झाली. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी सीटॅब (सेटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड) या साबणासारख्या पदार्थाच्या जातीच्या रेणूंच्या आधाराने एमसीएम-४१ हा षट्कोनी छिद्रांचा सिलिका बनवला. त्याची छिद्रे सुमारे दीड ते दहा नॅनोमीटरपर्यंत हवी तशी ठेवता येत. त्यांचे द्रावण मात्र विरळ होते. म्हणजे साचा आधी उभा नव्हता, साचा आणि सिलिका हातात हात घालून घडले. १९९५ मध्ये अटार्ड, ग्लाइड आणि गोल्टनर यांनी पुढचे पाऊल टाकले. द्रवस्फटिक आधी पूर्ण उभा करायचा आणि त्याच्या मधल्या पाण्यातच सिलिका घडवायचा. दोनच वर्षांनी अटार्ड आणि बार्टलेट यांच्या गटाने त्याच वाटेने प्लॅटिनमचा सच्छिद्र पापुद्रा बनवला. आमच्या मनात होता तो हा दुसरा मार्ग, खरा साचा.

पण सिलिका किंवा प्लॅटिनम जागच्या जागी कडक होतात. पॉलिमरचे तसे नाही. त्याची साखळी लांब असते, हलती असते, आणि तिला ऐसपैस जागा लागते. इथे आकड्यांशी थोडी झटापट करायला हवी, कारण अडचणीचे मूळ तिथेच आहे. बारा कार्बनची शेपटी पूर्ण ताणली तर लांबी येते सुमारे १.६७ नॅनोमीटर. म्हणजे काठीच्या आतल्या तेलकट भागाचा व्यास फार तर ३.३ नॅनोमीटर. काठीच्या मध्यापासून शेजारच्या काठीच्या मध्यापर्यंतचे अंतर साडेचारच्या आसपास धरले, तर दोघींमध्ये उरते जेमतेम सव्वा नॅनोमीटरची फट, आणि तीही डोकी धरून. मोनोमरचा एकटा रेणू त्या फटीत सुखाने राहतो, गल्लीतून सायकल जावी तसा. पण हजारो मोनोमर जोडून झालेली साखळी मोकळ्या पाण्यात दहा-वीस नॅनोमीटरच्या गुंडाळीत वावरते. तिला सव्वा नॅनोमीटरच्या गल्लीत कोंबले की ती बाहेर पडायला बघते.

तिला वेळ मिळाला तर ती पडतेही. पॉलिमर एकीकडे गोळा होतो, साबणाचे रेणू दुसरीकडे, आणि दोघांमध्ये प्रकाश विखुरणाऱ्या मोठ्या सीमा तयार होतात. बाटली पांढरी होते. म्हणजे सगळी शर्यत वेळेची आहे. साखळ्या एकमेकींना गुंतून जाळे पक्के होण्याआधी त्यांना पळायला किती अवधी मिळतो, यावर साचा टिकणार की नाही हे ठरते.

हे सगळे मला पुस्तकातून माहीत होते. तरीही त्या पांढऱ्या बाटल्या बघून मी त्याला सांगितले, "सीटॅबची टक्केवारी वाढव." फेज झाली नाही हे त्याचे निदान मी तपासून न बघताच मान्य केले. दोन आठवडे गेले त्यात.

तीन संशयित

मूळ कृती अशी होती: निम्मा भाग सीटॅब, उरलेल्या निम्म्यात पाणी, अ‍ॅक्रिलअमाइड आणि थोडा मिथिलीन-बिस-अ‍ॅक्रिलअमाइड, म्हणजे साखळ्यांना आडवे टाके घालणारा रेणू. सुरुवात करून द्यायला पोटॅशियम पर्सल्फेट. गरम करून मिसळायचे, ६० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर. सीटॅब घेतले कारण त्याची अर्धी बाटली कपाटात होती. पर्सल्फेट घेतले कारण जेल बनवताना सगळे तेच घेतात.

टक्केवारी वाढवूनही पांढरेपणा हटेना, तेव्हा आम्ही भूशास्त्र विभागाचे दार ठोठावले. त्यांच्याकडे खडकांचे पातळ काप बघायचा पोलरायझिंग मायक्रोस्कोप असतो. बेसाल्टमधली फेल्डस्पारची पाती ओळखणारे हे यंत्र द्रवस्फटिकालाही उत्तम चालते. दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात ठेवले की साधे पाणी, साधे जेल, सगळे काळे दिसते. षट्कोनी फेज असेल तर काळ्यावर पंख्यासारखे उजळ पट्टे उमटतात, जपानी पंखे अर्धवट उघडून एकमेकांवर ठेवल्यासारखे. सपाट थरांची फेज असेल तर तेलकट रेघा आणि बारीक क्रॉस दिसतात.

त्याने ताजे मिश्रण काचपट्टीवर घेतले, वर झाकणकाच ठेवली, कडा नेलपॉलिशने बंद केल्या. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ बोललाच नाही. मग बाजूला सरून म्हणाला, "मॅडम, पंखे आहेत की!"

म्हणजे फेज पहिल्यापासून होत होती. आता प्रश्न बदलला: रात्रीत तिला काय झाले?

पहिला संशयित थंडी. सीटॅबला एक ठरलेले तापमान असते, साधारण २५ अंशांच्या आसपास. त्याखाली ते पाण्यात काठ्या करण्याऐवजी सरळ घन स्फटिक होऊन बसते. त्याला क्राफ्ट तापमान म्हणतात. मे महिन्यात सोलापुरात हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण जानेवारीत पहाटे पारा १५ च्या आसपास उतरतो, आणि आमचा ओव्हन टायमरवर होता. तो पहाटे बंद झाला आणि बाटल्या गार झाल्या. तपासणी अगदी साधी होती. पांढऱ्या बाटल्या कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवल्या. पांढरेपणा बराच कमी झाला, पण गेला नाही. मोनोमर आणि पर्सल्फेट न घातलेली, नुसत्या सीटॅब-पाण्याची बाटली मात्र गारव्यात पांढरी झाली आणि कोमट होताच पूर्ण नितळ. म्हणजे काही भाग थंडीचा होता आणि काही भाग परत न फिरणारा. एकाच पांढऱ्या रंगात दोन कारणे मिसळली होती.

दुसरा संशयित मला सुचला नव्हता. तो विद्यार्थ्याने पकडला. एकदा गडबडीत त्याने मिश्रण पुरेसे गरम नसतानाच पर्सल्फेट टाकले आणि थेंब पडला तिथे पांढरा ढग उठला. त्याने ते वहीत लिहिले, "थेंबाभोवती ढग," आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग दोन परीक्षानळ्यांत सीटॅबचे विरळ द्रावण घेतले, एकीत पर्सल्फेटचे द्रावण घातले, दुसरीत तेवढेच साधे पाणी. सकाळच्या त्याच गारव्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या नळ्या. पहिली लगेच पांढरी, दुसरी तासाभरानेही स्वच्छ. कारण एकदा दिसले की स्पष्ट आहे: सीटॅबच्या डोक्यावर धन भार असतो, पर्सल्फेटच्या आयनावर दोन ऋण भार. दोघांची जोडी जमते आणि जवळजवळ न विरघळणारे मीठ खाली बसते. म्हणजे ज्याने साखळी सुरू करायची तो साच्याच्याच काठ्या तोडून नेत होता. गरम असताना हे झाकून राहिले, म्हणून संध्याकाळी बाटल्या नितळ दिसल्या.

तिसरा संशयित वर सांगितलेला, साखळीचे पळणे. त्याला एकटा गाठायचा तर पहिले दोघे बाजूला काढायला हवेत. म्हणून सीटॅबच्या जागी डीटॅब आणले. रेणू तोच, फक्त शेपटी सोळाऐवजी बारा कार्बनची, त्यामुळे सोलापूरच्या कुठल्याही थंडीत ते गोठत नाही. पर्सल्फेटच्या जागी एआयबीएन, ज्याच्यावर भारच नसतो. डीटॅब, पाणी आणि अ‍ॅक्रिलअमाइड यांची ४०, ५० आणि ६० टक्क्यांची मिश्रणे करून पाहिली. ४० टक्क्यांचे वाहत होते आणि मायक्रोस्कोपखाली काळे. ५० टक्क्यांचे चमच्यावरून हलेना आणि त्यात पंखे सुंदर उमटले. तेच पक्के केले: ५ ग्रॅम डीटॅबला ५ ग्रॅम द्रावण, त्यात २ ग्रॅम अ‍ॅक्रिलअमाइड.

मग एका दुपारी त्याने नेलपॉलिशने बंद केलेल्या आठ काचपट्ट्या ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये ओळीने ठेवल्या. चारांत एआयबीएन, चारांत काहीच नाही. दर पाव तासाने एक-एक जोडी काढायची, जिना उतरून भूशास्त्र विभागात पळायचे, गरम असतानाच बघायचे. एआयबीएन नसलेल्या पट्ट्यांवर तासाभरानेही पंखे जसेच्या तसे. म्हणजे नुसत्या उष्णतेने फेज मोडत नव्हती. एआयबीएनच्या पट्ट्यांवर पहिल्या पाव तासाला पंखे होते. अर्ध्या तासाला ते फिकट झाले आणि त्यांच्या मधे काळी बेटे दिसू लागली. शेवटच्या पट्टीत काळ्या समुद्रात उजळ ठिपके तेवढे उरले. ती काळी बेटे म्हणजे साबणातून बाहेर पडून गोळा होत चाललेला पॉलिमर.

त्या दुपारी मीही त्याच्याबरोबर चार वेळा जिना उतरले. फोटोत नाही, डोळ्यांसमोर साचा विरताना मी पहिल्यांदा पाहिला. तोवर आमच्या विभागात या प्रकारच्या प्रत्येक प्रकल्पात दोनच फोटो लावले जात, आधीचा आणि नंतरचा. अपघात तर दोघांच्या मधल्या अर्ध्या तासात होत असतो.

शर्यत जिंकण्यासाठी

उपाय मग उघड होता: अर्धा तास द्यायचाच नाही. उष्णतेऐवजी प्रकाश. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा आणि प्रकाश पडताच साखळी सुरू करून देणारा, पाण्यात विरघळणारा, भार नसलेला आयर्गाक्युअर २९५९. खोलीच्या तापमानाला, काही मिनिटांत जेल. एक गोष्ट इथे आपल्या बाजूने काम करते. मोनोमर अरुंद फटींत कोंडलेला असल्याने तिथे त्याची घनता जास्त असते, शिवाय वाढत्या साखळ्यांची टोके एकमेकींना भेटून थांबण्याची शक्यता घटते. त्यामुळे सुव्यवस्थित फेजमध्ये पॉलिमर होण्याचा वेग विस्कळीत द्रावणापेक्षा बरेचदा जास्तच असतो. साचा उभा असेल तर तो स्वतःच्या टिकण्याला अशी मदत करतो.

ऑक्सिजन ही कटकट होती. तो साखळ्या थांबवतो, म्हणून नेहमी मिश्रणातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात. षट्कोनी फेज मात्र थंडीतल्या वनस्पती तुपासारखी घट्ट असते. तिच्यात बुडबुडा शिरला की बाहेर येत नाही. पहिला नमुना स्पंजासारखा झाला. मग क्रम बदलला: आधी पाणी आणि मोनोमर यांच्या पातळ द्रावणातून नायट्रोजन सोडायचा, त्यानंतर डीटॅब मिसळायचे, आणि मिसळताना अडकलेली हवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढायची. दोन काचांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची पट्टी ठेवून पातळ थर केला, कारण जाड गोळ्यात प्रकाश आतवर नीट पोचत नाही आणि अभिक्रियेची उष्णता मधे साठते.

दिवा बंद केल्यावर काच जरा धुरकट, पण पांढरी नाही. मायक्रोस्कोपखाली पंखे जागच्या जागी. त्याने फोनवर फोटो काढला आणि तिथूनच वडिलांना पाठवला.

धुणे

आता डीटॅब बाहेर काढायचे. डिस्टिल्ड पाणी आणि अल्कोहोल, दिवसातून दोनदा बदलायचे. निघाले की नाही हे बघायला धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. ब्रोमाइड उरला असेल तर फिकट पिवळट साका येतो. चौथ्या दिवशीही थेंब पडताच पाणी गढूळ होतच होते. शेवटी कळले की रविवारी डिस्टिल्ड पाणी संपले आणि त्याने नळाचे वापरले होते. त्यातले क्लोराइडच साका देत होते. पांढरा साका आणि पिवळट साका यांतला फरक ट्यूबलाइटखाली सहज नजरेतून निसटतो.

आणि ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे साबण निघाला असे समजू नये, हे मी ठासून सांगेन. अ‍ॅक्रिलअमाइडच्या साखळीवरचे काही गट पाण्याने तुटून अ‍ॅसिडचे गट झालेले असू शकतात. त्यांचा भार ऋण असतो. डीटॅबचा धन भाग त्यांना चिकटून आत बसतो आणि ब्रोमाइड एकटाच बाहेर निघून जातो. सिल्व्हर नायट्रेट म्हणेल सगळे स्वच्छ. म्हणून वाळवलेल्या तुकड्याचा आयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाचा आलेख, काढायचा आणि २९२० व २८५० प्रति सेंटिमीटरच्या जवळची लांब शेपटीच्या शिखरांची जोडगोळी बसली आहे का ते पाहायचे. आमच्या पहिल्या तुकड्यात ती ठळक होती. मिठाच्या पाण्याने धुतल्यावर बरीच कमी झाली, कारण सोडियमने त्या चिकटलेल्यांना हुसकावले.

हा हट्ट कशासाठी? कारण असले धन भाराचे साबण माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना घातक असतात, आणि न जोडलेले अ‍ॅक्रिलअमाइड मज्जासंस्थेला विषारी असते. जे जेल उद्या कोणाच्या डाळिंबाच्या आळ्यात जाईल अशी आपण स्वप्ने बघतो, त्यात यातले काही शिल्लक राहता कामा नये. धुण्याचे पाणीही आम्ही बेसिनमध्ये ओतले नाही, कॅनमध्ये साठवले.

अण्णांचा प्रश्न

विद्यार्थ्याचे वडील, अण्णा, शहराच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग नीट चालू ठेवणारे. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. पोराने पाठवलेले पंखे बघून ते एका शनिवारी प्रयोगशाळेत आले. मी त्यांना चहा दिला आणि सगळे समजावून सांगितले: काठ्या, फटी, मधे पॉलिमर, मग काठ्या धुऊन टाकायच्या.

"मॅडम, हे तर आमच्या पीव्हीएसारखंच झालं की," ते म्हणाले.

मऊ, बिनपिळाचे टॉवेल बनवताना कापसाच्या सुताला पीव्हीएच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या, सुताबरोबर उलटा पीळ देतात. कापसाचा स्वतःचा पीळ सुटतो, पण पीव्हीए त्याला धरून ठेवते म्हणून ते मागावर तुटत नाही. विणून झाल्यावर गरम पाण्यात धुतले की पीव्हीए विरघळून जाते आणि कापूस मोकळा, फुगलेला राहतो. साचा धुऊन काढण्याची हीच युक्ती या शहराच्या धंद्यातले लोक सुताच्या मापाने जाणतात. मी पॉलिमर शिकवते, पण तोवर हे दोन मला जोडता आले नव्हते.

मग त्यांनी विचारले, "पण पीव्हीए गेल्यावर आमचं सूत बसत नाही, कारण खाली घट्ट ताणा असतो, फासा त्याच्यात अडकलेला असतो. तुमच्या ह्याला धरून कोण ठेवतंय?"

मी त्यांच्या मुलाकडे पाहिले आणि त्याने माझ्याकडे. धरून ठेवणारा म्हणजे मिथिलीन-बिस-अ‍ॅक्रिलअमाइड, आणि ते आम्ही साध्या जेलच्या कृतीतून उचललेल्या प्रमाणातच घेत होतो. साध्या जेलला मऊपणा पाहिजे असतो. इथे काठ्या निघून गेल्यावर नळ्यांच्या भिंतींना स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते.

हा प्रश्न किती नेमका होता ते मोजणीत दिसले. धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा असे दोन तुकडे आम्ही बाहेरच्या संस्थेत लहान कोनाच्या क्ष-किरण विखुरणाच्या मोजणीसाठी पाठवले. हे का लागते, तर धुतल्यावर मायक्रोस्कोप आंधळा होतो. पंखे दाखवत होते ते साबणाचे रेणू, तेच निघून गेले की उरलेले जेल काळेच दिसणार, नळ्या असोत वा नसोत. क्ष-किरणांच्या आलेखावर षट्कोनी मांडणीची शिखरे १ : √३ : २ या प्रमाणात येतात, सपाट थरांची १ : २ : ३. पहिल्या शिखराच्या जागेवरून अंतर काढता येते. ते १.६ प्रति नॅनोमीटरला आले असे धरले, तर २π ला १.६ ने भागून काठ्यांच्या ओळींमधले अंतर ३.९ नॅनोमीटर, आणि त्याला २/√३ ने गुणून काठ्यांच्या मध्यांमधले अंतर ४.५.

आमच्या न धुतलेल्या तुकड्यात पहिले शिखर तीक्ष्ण होते आणि √३ चे बारीक पण ओळखू येण्याजोगे. धुतलेल्यात पहिल्याच्या जागी रुंद टेकाड, बाकी काही नाही. म्हणजे नळ्यांची साधारण अंतरे टिकली होती, कवायत मोडली होती. भिंती वाकल्या होत्या. अण्णांनी आलेख न बघता हे सांगितले होते.

तरीही जेल वाया गेले नव्हते. साच्यात घडलेला आणि साच्याशिवाय घडलेला असे दोन सारख्या मापाचे ओले तुकडे पाण्यात टाकले, तर साच्यातला लवकर फुगला आणि शेवटी जास्त पाणी धरून बसला. फरक तराजूशिवाय, नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. प्रकल्पाच्या अहवालात त्याने हे लिहिले, आणि त्याच्याच खाली रुंद टेकाडाचा आलेखही लावला. तो लावायचा की नाही यावर आमचे बोलणे झाले होते. बाहेरच्या परीक्षकांनी नेमका तोच आलेख धरून अर्धा तास प्रश्न विचारले आणि त्याने सगळ्यांची उत्तरे दिली.

सुकवण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ओला तुकडा मार्चच्या उन्हात खिडकीत ठेवला तर दोन तासांत चिंचोक्यासारखा आक्रसतो. एवढ्या बारीक नळीतून पाणी बाहेर पडताना त्याचा पृष्ठताण भिंतींना आत ओढतो, आणि एकदा चिकटलेल्या भिंती पुन्हा पाण्यात टाकल्या तरी पूर्ण सुटत नाहीत. गोठवून सुकवणे हा एक मार्ग आहे, पण बर्फाचे स्फटिक नळ्यांपेक्षा कितीतरी मोठे होतात आणि त्यांना फाडतात. दुसरा मार्ग म्हणजे मुळात सुकवायचेच नाही.

यंदाच्या विद्यार्थिनीने तिथूनच सुरुवात केली आहे. डीटॅब तेच, दिवा तोच, आडव्या टाक्यांचे प्रमाण मात्र पायरीपायरीने वाढवत नेलेले सहा तुकडे. सहाही ओलेच, झाकणाच्या बाटल्यांत डिस्टिल्ड पाण्यात ठेवलेले. बाटल्यांवर तारीख आहे, आणि प्रत्येकीशेजारी पॉलिमर घडत असताना दर मिनिटाला काढलेल्या फोटोंची पट्टी चिकटवलेली आहे.